शेकर हाइट्स हायस्कूल : एका उपनगरी शाळेचा इतिहास

‘पब्लिक स्कूल’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर येते ती पाचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणची, कोट-टायमधील मुलांची, भरमसाट फी घेणारी निवासी शाळा. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. तेथे पब्लिक स्कूल म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणारी, गावातील प्रत्येक मुलाला फीशिवाय प्रवेश देणारी शाळा. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेची ती बहीणच म्हणा ना! फरक असा की तिचा कारभार गावकऱ्यांनी निवडून दिलेले शिक्षण मंडळ पाहते आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा गावातील घरांवरील करातून उभा राहतो. साहजिकच जेथे घरे मोठी तेथे कर मोठा, आणि जेथे कर मोठा तेथे शाळा चांगली. ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली, शाळांनी घरपट्टीवर इतके विसंबून राहणे राज्यघटनेत बसत नाही, असा निकालही दिला होता. तरी चांगल्या शाळेच्या हद्दीत घर मिळावे म्हणून तेथील पालक आजही धडपडतो, कर्ज काढतो, प्रसंगी नोकरी बदलतो. आपल्याकडेही मुलांच्या शाळेपायी खाडीपलीकडचे गाव सोडून महाडला किंवा चिपळूणला भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटणारी कुटुंबे आहेत. तेव्हा या धडपडीचे मर्म आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

याच ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहराला लागून, शेकर हाइट्स नावाचे उपनगर आहे. तेथील सार्वजनिक हायस्कुलाची कहाणी आज सांगावयाची आहे. ती निव्वळ यशाची कहाणी नाही, आणि म्हणूनच ती आपल्या स्मरणिकेत यावी असे वाटले.

शेकर हे नाव पडले एका धार्मिक पंथावरून. साधी राहणी, सामाईक मालमत्ता आणि ब्रह्मचर्य पाळणाऱ्या शेकर पंथाच्या लोकांनी १८२२ साली तेथे वसाहत केली. पंथात लग्नच नसल्यामुळे माणसे वाढेनात. १८८९ साली वसाहत बंद पडली. पुढे व्हॅन स्वेरिंजन आडनावाच्या दोघा भावांनी ती जमीन घेतली आणि तीवर सुखवस्तू लोकांसाठी आखीव-रेखीव उपनगर उभारले. रुंद झाडीचे रस्ते, तळी, प्रत्येक वस्तीत चालत जाण्याच्या अंतरावर प्राथमिक शाळा, आणि १९२० पासून शहरात ने-आण करणारी विजेची गाडी. १९३१ साली उपनगराला शहराचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी हायस्कुलाची सध्याची इमारत उभी राहिली. हॉलीवूडचा विख्यात नट पॉल न्यूमन हा याच शाळेचा १९४३ सालचा विद्यार्थी.

पण या बागेला कुंपण होते. घराच्या खरेदीखतातच अशी अट घातलेली असे की कंपनीच्या आणि शेजाऱ्यांच्या संमतीशिवाय घर विकता येणार नाही. ही अट कोणासाठी होती हे सर्वांना माहीत होते. कृष्णवर्णीयांना तर दार बंदच होते. ज्यू आणि कॅथलिक कुटुंबांनाही पुष्कळ काळ हाच अनुभव आला. शाळा सार्वजनिक आणि मोफत. पण तिच्या हद्दीत घरच मिळू द्यावयाचे नाही, म्हणजे प्रवेशाला ‘नाही’ म्हणण्याची पाळीच येत नाही! कायद्याचे अक्षर पाळून त्याचा जीव घेण्याची ही रीत जगात सगळीकडे सारखीच दिसते.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदाच्या अशा अटींची अंमलबजावणी कोणत्याही न्यायालयाने करू नये असा निर्णय दिला. त्यानंतर हळूहळू काही कृष्णवर्णीय डॉक्टर-वकील शेकर हाइट्सच्या शाळांच्या हद्दीत येऊ लागले. त्यांची पहिली वस्ती लडलो. जानेवारी १९५६ मध्ये या वस्तीत घर बांधणाऱ्या जॉन पेग या कृष्णवर्णीय वकिलाच्या गॅरेजमध्ये बॉम्बस्फोट झाला.

अशा प्रसंगानंतर सहसा काय होते ते आपण जाणतो. भीती पसरते. दलाल घरोघर फिरतात, ‘आता भाव पडणार, आजच विका’ म्हणून सांगतात, आणि दोन-चार वर्षांत सगळी वस्ती पालटते. क्लीव्हलंडच्या कित्येक मोहल्ल्यांत असेच झाले होते. लडलोमध्ये मात्र तसे पूर्णपणे घडले नाही. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरी बसून बोलावयास सुरुवात केली आणि १९५७ साली लडलो कम्युनिटी असोसिएशन स्थापन केली. वस्ती मिश्र राहावी हा त्यांचा उद्देश. गोरी कुटुंबे येथे यावीत म्हणून त्यांनी स्वतः गिऱ्हाईक शोधले, आल्यागेल्यास घरे दाखविली, घर घेताना सुरुवातीला भरावयाच्या रकमेसाठी कर्जाची सोय केली. निधीसाठी एला फिट्झजेराल्ड या सुप्रसिद्ध गायिकेचा कार्यक्रमही घडवून आणला. हाच विचार पुढे नगरपालिकेने उचलला आणि १९६७ साली शेकर हाउसिंग ऑफिस सुरू झाले. या खटपटीत एक गोम होती, तीही लपवू नये. मदत मिळे ती मुख्यतः गोऱ्या गिऱ्हाइकाला; घर शोधणाऱ्या कृष्णवर्णीयाला मात्र ‘तुम्ही दुसरी वस्ती पाहा’ असे सुचविले जाई. समतेसाठी केलेल्या या विषमतेबद्दल कृष्णवर्णीय रहिवाशांच्या मनात सल राहिला, आणि तो अनाठायी नव्हता.

शाळांचा प्रश्न १९७० साली ऐरणीवर आला. मोरलँड नावाच्या वस्तीतील प्राथमिक शाळेत बहुतेक मुले कृष्णवर्णीय, तर बाकीच्या बहुतेक शाळांत ती नावालाच. शिक्षण मंडळाने प्रथम ठरविले की मोरलँडच्या मुलांना बसने इतर शाळांत न्यावे. त्यावर पालक म्हणाले, ‘आमच्याच मुलांनी का जावे?’ प्रश्न रास्त होता. मग काही गोऱ्या पालकांनी आपण होऊन आपली मुले मोरलँडला पाठविण्याची तयारी दाखविली, आणि योजना दुतर्फा झाली. त्या काळी बॉस्टनसारख्या शहरांत शाळेच्या बसवर दगड पडत होते. येथे न्यायालयाच्या हुकमाशिवाय, पालकांच्या राजीखुशीने मुले एकत्र आली. १९८७ साली पटसंख्या घटल्यामुळे चार प्राथमिक शाळा बंद करून हद्दी नव्याने आखल्या गेल्या. मोरलँडची शाळा त्यांतच गेली. तिच्या इमारतीत नंतर गावाचे मुख्य वाचनालय आले.

मात्र गावाचे एकच एक चित्र रंगवू नये. याच काळात, १९७६ साली, शेकर हाइट्सने क्लीव्हलंडकडील कृष्णवर्णीय वस्तीला लागून असलेल्या रस्त्यांवर वाहने अडविणारे अडथळे उभे केले. वाहतुकीची गर्दी हे कारण सांगण्यात आले. पलीकडच्या लोकांनी त्यास ‘बर्लिनची भिंत’ म्हटले.

या सगळ्या वस्त्यांतील मुले शेवटी एकाच हायस्कुलात येत. शाळा खरोखरच श्रीमंत. स्वतःचे तारांगण, नाट्यगृह, वाद्यवृंद, लॅटिन आणि चिनी भाषेचे वर्ग. मुले स्वतः ‘शेकराइट’ नावाचे वृत्तपत्र चालवितात, आणि शाळेच्या कारभारावर टीका करण्यास ते कचरत नाही. शेवटच्या वर्षाच्या अखेरीस मुले काही आठवडे वर्ग सोडून एखाद्या कचेरीत, दवाखान्यात किंवा कारागिराजवळ प्रत्यक्ष काम करतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे ‘एपी’ म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचे अभ्यासक्रम येथे आहेत. अलीकडे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटही आले आहे. यासाठी गावकरी जो शाळा-कर भरतात तो ओहायोतील सर्वांत जड करांपैकी एक आहे. देशातल्या नामांकित विद्यापीठांत येथील मुले दरवर्षी जातात.

येथेच आपल्या कहाणीची गाठ आहे. शेकरमध्ये प्रत्येक विषय निरनिराळ्या पायऱ्यांवर शिकविला जाई. खालच्या पायरीवर साधा वर्ग, मग कॉलेज-तयारीचा, त्यावर ऑनर्स आणि सर्वांत वर एपी. विद्यार्थ्याच्या कुवतीप्रमाणे शिक्षण, हे तत्त्व ऐकावयास किती वाजवी! पण एपीच्या वर्गाचे दार उघडून पाहिले तर आत जवळजवळ सगळी मुले गोरी, आणि साध्या वर्गात जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. १९९० च्या दशकात जिल्ह्यातील निम्मी मुले कृष्णवर्णीय होती. बस एक, दरवाजा एक, खेळाचे मैदान एक. घंटा झाली की मात्र मुले दोन वाटांनी जात. ज्या आईबापांनी वसाहतीचे कुंपण मोडून मुलांना आत आणले होते, त्यांना आतमध्ये दुसरे कुंपण दिसले. आणि ते कोणी बांधले हे बोट दाखवून सांगता येत नव्हते.

१९९७ साली काही कृष्णवर्णीय पालकांनी एक धाडसाचे काम केले. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांस त्यांनी बोलावून घेतले आणि विचारले की आमची मुले मागे का पडतात ते आम्हाला सांगा. ओग्बू मूळचे नायजेरियाचे. अल्पसंख्य समाजांच्या शिक्षणावर त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात जपानमधील बुराकू, न्यूझीलंडमधील माओरी यांच्याबरोबर आपल्या भारतातील अनुसूचित जातींच्या शिक्षणाचाही विचार होता. ओग्बू आपल्या सहकारी बाईंसह आले, कित्येक महिने राहिले, शंभराहून अधिक वर्गांत मागच्या बाकावर बसले, मुलांशी, शिक्षकांशी, पालकांशी बोलले.

त्यांनी नोंदविलेले आकडे कटू होते. चारपैकी मोजल्या जाणाऱ्या गुणांची सरासरी गोऱ्या मुलांची ३.४५, तर कृष्णवर्णीय मुलांची १.९. एवढी तफावत, आणि तीही अशा गावात की जेथे कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, न्यायाधीश राहत होते.

ओग्बूंचा ग्रंथ २००३ साली निघाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते निवर्तले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शिक्षकांच्या कृष्णवर्णीय मुलांकडून अपेक्षा कमी असतात आणि पायऱ्यांची पद्धत त्यांना खाली ढकलते, हे खरेच. पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. मुले स्वतःच सांगतात की आम्ही पुरेशी मेहनत करीत नाही. अभ्यासात पुढे असणाऱ्या मुलाला त्याचे सोबती ‘गोऱ्यांची नक्कल करतोस’ म्हणून टोमणे मारतात. पालकांबद्दलचे त्यांचे निरीक्षण तर फारच झोंबले. पालकांची समजूत अशी की चांगल्या गावात घर घेतले, जड कर भरला, आता शिकविणे हे शाळेचे काम. घराचे हप्ते फेडण्यासाठी दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या आईबापांना संध्याकाळी मुलाची वही पाहण्यास सवड नव्हती. मूल कोणत्या पायरीवर बसले आहे, त्या पायरीवरून पुढे कोठे जाता येते आणि कोठे जाता येत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळले.

ज्यांनी बोलावले त्यांतील काहींनाच हे ऐकून धक्का बसला. मार खाणाऱ्यालाच दोष देण्याचा हा प्रकार आहे, अशी टीका झाली. त्याआधीच हार्वर्डचे रोनाल्ड फर्ग्युसन यांनी शेकरच्याच मुलांची पाहणी केली होती आणि तिचे निष्कर्ष २००१ साली मांडले होते. त्यांना वेगळेच दिसले. एकाच पायरीवरील वर्गांत बसणारी गोरी आणि कृष्णवर्णीय मुले गृहपाठाला जवळपास सारखाच वेळ देत होती. पण कृष्णवर्णीय मुलांचा गृहपाठ अपुरा राही, कारण खालच्या इयत्तांतील पाया कच्चा होता. शिक्षकाला दिसे ती अपुरी वही. त्यामागचा तासभर दिसत नसे. शिवाय, शेकरमध्ये सगळे सुखवस्तू हा समजही अर्धाच खरा. दोन्ही समाजांच्या पालकांच्या शिक्षणातच मोठे अंतर होते, आणि पहिल्यांदा कॉलेजपर्यंत पोचू पाहणारी मुले प्राध्यापकांच्या मुलांबरोबर एकाच कसोटीवर घासली जात होती.

प्रस्तुत लेखकाने बरीच वर्षे मास्तरकी केली आहे. पालकसभेला निरोप पाठवावा साठ घरी आणि यावेत बारा पालक, हा अनुभव आहे. म्हणून ओग्बूंचे म्हणणे वाचताना मान डोलते. पण न आलेल्या अठ्ठेचाळीसांपैकी कितीजण आखातात होते, किती बोटीवर, आणि किती आयांना ‘मास्तरांसमोर काय बोलावे’ याचीच धास्ती होती, हेही ठाऊक आहे. आणि तेथे फर्ग्युसन खरे वाटतात. मुलाने रात्री दिवा लावून दोन तास वही पुढे धरली होती आणि तरी गणित सुटले नव्हते, हे मास्तरला सकाळी कोण सांगणार? माझ्या मते दोघांची निरीक्षणे एकमेकांस खोडीत नाहीत. ओग्बू एक भेद करीत असत. स्वखुशीने परदेशी आलेला अल्पसंख्य समाज आणि गुलामीने, जिंकले जाऊन किंवा जातीच्या उतरंडीने अल्पसंख्य केला गेलेला समाज यांची मुले शाळेकडे निरनिराळ्या नजरेने पाहतात, असे ते म्हणत. पहिला समाज शाळेला शिडी समजतो, दुसऱ्याच्या मनात संशय असतो. आपण यांपैकी कोणत्या खान्यात बसतो? कोकणातल्या मातीत शतकानुशतके रुजलेले आपण परदेशी नाही आणि कोणी आपल्याला गुलाम करून आणलेले नाही. तरीही ‘शिकून नोकरी थोडीच मिळणार आहे’ हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात किती सहज उच्चारले जाते! ओग्बूंच्या दोन खान्यांत आपण नीट बसत नाही, पण त्यांनी ऐकलेले वाक्य आपण ओळखतो.

आता शाळेतील दोन उपक्रमांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते पैशाने नव्हे तर माणसांच्या बळावर उभे राहिले.

पहिला १९८३ सालचा. ‘स्टुडंट ग्रुप ऑन रेस रिलेशन्स’ हे त्याचे नाव, आणि तो विद्यार्थ्यांनीच सुरू केला. हायस्कुलातील निरनिराळ्या वर्णांची मुले-मुली तयारी करून प्राथमिक व माध्यमिक इयत्तांच्या वर्गांत जातात आणि लहान मुलांशी खेळ, नाट्यछटा, गप्पा यांतून बोलतात. कोणाला गटातून वगळले तर कसे वाटते, टोमणा कोणता आणि थट्टा कोणती, मित्राचा सोबत्यांकडून अपमान होत असता गप्प राहावे की बोलावे, अशा गोष्टी. मोठ्यांनी दिलेले व्याख्यान मुले या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडतात. चार इयत्ता पुढच्या मुलाचे म्हणणे ती मन लावून ऐकतात. या गटात दरवर्षी शंभराहून अधिक विद्यार्थी काम करीत आले आहेत.

दुसरा १९९० सालचा, ‘मायनॉरिटी अचीव्हमेंट कमिटी’, संक्षेपाने मॅक. वरच्या इयत्तांतील चांगले गुण असलेले कृष्णवर्णीय मुलगे खालच्या इयत्तांतील, गुण घसरलेल्या पण होतकरू मुलांना हाताशी धरतात. सभेला कोट-टाय घालून येतात, एकमेकांशी हस्तांदोलन करतात, अभ्यासाविषयी उघडपणे बोलतात. ‘नक्कल करतोस’ या टोमण्याचे उत्तर येथे युक्तिवादाने न देता नमुन्याने दिले आहे: हुशारी आणि आपलेपण एकाच अंगावर शोभते हे धाकट्यांनी डोळ्यांनी पाहावे. पुढे मुलींसाठीही असाच गट निघाला, आणि अशाच मिश्र उपनगरांतील शाळांचे १९९९ साली जे जाळे तयार झाले त्यात शेकर सामील झाले. शाळा सुटल्यावर गृहपाठास मदत करणारी केंद्रेही होती. मॅकवर टीका झाली ती एवढीच की निवडक मुले वर आली तरी खालचा मोठा वर्ग तेथेच राहतो. टीका बरोबर आहे; पण वर आलेल्या मुलाच्या आईला विचारले तर ती निराळे उत्तर देईल.

पायऱ्यांचा मूळ प्रश्न मात्र राहिलाच होता. शिक्षणाधिकारी येत गेले, समित्या नेमल्या गेल्या, वरच्या वर्गाचे दार ज्याला यावेसे वाटेल त्याला उघडे केले गेले. तरी आपण होऊन दार ठोठावणारी मुले बहुतेक तीच, ज्यांचे आईबाप स्वतः त्या वर्गात बसलेले होते. अखेर २०२० साली, कोरोनाच्या साथीत शाळा घरोघरच्या पडद्यावर भरत असताना, पाचवी ते नववीच्या बहुतेक मुख्य विषयांतील वेगळ्या पायऱ्या काढून टाकण्यात आल्या आणि सर्वांना ऑनर्सचा वर्ग एकत्र दिला गेला. लॉरा मेकलर या पत्रकार शेकरमध्येच वाढल्या. त्यांनी २०२३ साली गावाच्या या साऱ्या वाटचालीवर ग्रंथ लिहिला. त्यात हा निर्णय किती घाईने झाला आणि शिक्षकांची त्यासाठी कितपत तयारी होती, याचीही चर्चा आहे. काही पालकांना, गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांनाही, वाटते की यात हुशार मुलांचा वेग मंदावेल. काहींना वाटते की हे पन्नास वर्षांपूर्वीच व्हावयास हवे होते. शिक्षकापुढे एकाच तासाला दोन टोकांची मुले बसतात, आणि ज्याने असा वर्ग सांभाळला आहे त्यालाच त्यातील कष्ट कळतील.

त्या वर्षी नववीत असलेली मुले २०२४ साली शाळेबाहेर पडली. त्यांच्यापैकी कोणाची धाकटी भावंडे आज मोरलँडच्या त्या जुन्या शाळेत, जेथे आता वाचनालय आहे, दुपारी गृहपाठ घेऊन बसत असतील.